सरकारने ठरवलेली घराची किंमत: नोटिशीपासून सुनावणीपर्यंतचा अनुभव, ५ पैकी ३ स्टार

स्टार आधीच सांगून टाकते. नोटिशीला १, ऑनलाइन रेकॉर्ड बघायच्या सोयीला ४, हरकतीच्या सुनावणीला ४ आणि निकालाच्या पत्राला परत १. सरासरी काढलीत तर अडीच येते. वरचा अर्धा स्टार मोजणीला आलेल्या बाईंसाठी आहे, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय.

हेडफोनचे रिव्ह्यू शेकड्याने सापडतात पण मालमत्तेच्या सरकारी मूल्यांकनाचा एकही धड रिव्ह्यू मला सापडला नाही, आणि ही तर अशी सेवा आहे की ज्याच्या नावावर घर किंवा जमीन आहे तो प्रत्येक माणूस ती वापरतोच, दरवर्षी पैसे भरून, आणि नाही आवडली तर दुसरीकडे जायची सोय नाही. म्हणून सविस्तर लिहितेय. कुणाची नोटीस आली असेल आणि मुदत चालू असेल तर हे वाचायच्या आधी रेकॉर्ड उघडून बघा, मग बाकीचं वाचा.

तर झालं असं की आईबाबांच्या घराला फेरमूल्यांकनाची नोटीस आली. एक पान. वर मिळकत क्रमांक, मग जुनं मूल्य, नवं मूल्य, आणि तळाला बारीक अक्षरात हरकतीची मुदत. नवं मूल्य जुन्याच्या जवळपास अडीचपट. बाबांनी चष्मा लावून दोनदा वाचली आणि म्हणाले, "आपल्याला विकायचंय कुठे? मग किंमत कशाला लावतात?"

या प्रश्नाचं उत्तर नोटिशीवरच छापलेलं असायला हवं होतं. एक स्टार त्यासाठीच कापला. कराचा बोजा लोकांमध्ये वाटायचा तर काहीतरी माप लागतं, आणि कुठलं माप घेतो त्यावर सगळं ठरतं. इंग्लंडमध्ये १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्या मोजून कर घ्यायचे, आत शिरायला नको, रस्त्यावरून मोजलं की झालं. लोकांनी काय केलं, खिडक्या विटा लावून बुजवल्या, आणि भाड्याच्या घरात राहणाऱ्या गरिबांच्या वाट्याला अंधार आणि कोंदट हवा आली. माप सोपं होतं पण ते बदलणं लोकांच्या हातात होतं. बाजारभाव हे माप त्यामानाने बरं आहे, तो एकट्या मालकाच्या हातात नसतो, आणि जमीन तर लपवताही येत नाही की उचलून दुसरीकडे नेताही येत नाही. म्हणून विकायचं नसलं तरी 'विकलं असतं तर किती आले असते' हा प्रश्न विचारतात. काही ठिकाणी 'भाड्याने दिलं असतं तर वर्षाला किती आलं असतं' असं विचारतात, हाँगकाँगमध्ये तसंच आहे आणि तिथे हे मूल्य दरवर्षी नव्याने काढतात.

दुसरी गोष्ट, जी कळल्यावर आमच्या घरातलं निम्मं टेन्शन गेलं. मूल्य अडीचपट झालं म्हणजे कर अडीचपट होतोच असं नाही! बऱ्याच ठिकाणी आधी ठरतं की यंदा करातून एकूण किती रक्कम उभी करायची, मग ती सगळ्या मालमत्तांच्या एकूण मूल्याने भागतात, त्यातून दर निघतो. समजा गावातल्या सगळ्याच घरांची मूल्यं दुप्पट झाली तर दर निम्मा होईल आणि कुणाचंच बिल बदलणार नाही. तुमचं मूल्य इतरांच्या सरासरीपेक्षा जास्त वाढलं तरच तुम्हाला फटका. त्यामुळे नोटीस आल्यावर खरा प्रश्न 'किती वाढलं' हा नसतोच, 'बाकीच्यांचं किती वाढलं' हा असतो, आणि नोटिशीत नेमका तोच आकडा नाही. एक ओळ टाकली असती की तुमच्या भागात सरासरी वाढ अमुक पट, तर कितीतरी हेलपाटे वाचले असते लोकांचे. अर्थात जिथे दर कायद्याने पक्का बांधलेला असतो तिथे मूल्य वाढलं की बिल वाढतंच, तेव्हा तुमच्याकडे कुठली पद्धत आहे ते आधी विचारून घ्या.

आता रेकॉर्ड. मिळकत क्रमांक टाकला की घराचं पूर्ण कार्ड उघडतं, जमिनीचं क्षेत्र, बांधकामाचं क्षेत्र, बांधकामाचं वर्ष, भिंती-छप्पर कशाचं, वापर कसला, रस्ता किती रुंद, आणि खाली घराचा आराखडा. मला खरंच आनंद झाला, कारण इतकी वर्षं आम्ही कर भरतोय तो कशाच्या आधारावर हे पहिल्यांदा दिसलं. बाबा शेजारी बसून बोटाने आराखड्यावर फिरत होते, हे स्वयंपाकघर, हा जिना, आणि मग थांबले. "ही खोली कुठली?"

वरच्या गच्चीचा मागचा भाग आराखड्यात बंद खोली म्हणून दाखवलेला. तिथे पूर्वी पावसाळ्यासाठी पत्र्याची शेड होती, काढून टाकून काळ लोटला, पण कुणीतरी केव्हातरी ती शेड 'खोली' म्हणून लिहिली आणि ती तशीच राहिली. मग अजून एक चूक सापडली, बांधकामाचं वर्ष. मागची एक खोली नंतर वाढवली होती, तिचंच वर्ष सगळ्या घराला लागलेलं, म्हणजे कागदावर आमचं घर खऱ्यापेक्षा कितीतरी तरुण. ही चूक दिसायला छोटी पण घसारा, म्हणजे घर जुनं होत जातं तशी किमतीतून वजा होणारी रक्कम, वर्षावर चालतो, त्यामुळे आकड्यात ती गच्चीपेक्षा मोठी निघाली.

आणि तिसरी चूक आमच्या फायद्याची. आतल्या खोलीवर पोटमाळा आहे, नीट जिना, लाइट, पंखा, माझा भाऊ तिथेच अभ्यास करून शिकला, तो कार्डावर नव्हताच. मी म्हटलं हे आपण कशाला सांगायचं, त्यांनी विचारलं नाही ना. बाबा म्हणाले, "दोन सांगणार आणि तिसरं गिळणार? मग आपल्या टेपवर कोण विश्वास ठेवेल?" तिन्ही लिहून दिलं. मला त्या दिवशी राग आला होता त्यांचा, आज नाही.

मूल्य काढतात कसं हे मला कुणी एका जागी बसून सांगितलं नाही, तुकड्यातुकड्याने गोळा केलं, म्हणून इथे सलग लिहिते. पद्धती मुळात तीनच आहेत. आसपासची तशीच घरं केवढ्याला विकली गेली ते बघणं ही पहिली. तेच घर आज नव्याने बांधायला किती खर्च येईल, त्यातून घसारा वजा करायचा आणि जमिनीची किंमत मिळवायची ही दुसरी. तिसरी भाड्याच्या उत्पन्नावरून, दुकानं-ऑफिसं यांना जास्त करून ही लावतात. बँकेचा माणूस कर्जासाठी घर बघायला येतो तेव्हा तो एकच घर बघतो, खोलीत शिरून नळ सोडून बघतो. सरकारला मात्र लाखो घरं एकाच तारखेला बघायची असतात, ते शक्यच नाही, म्हणून घाऊक मूल्यांकन करतात, म्हणजे झालेल्या खरेदीविक्रीच्या नोंदी घेऊन गणित बसवायचं की क्षेत्राला इतकं, वयाला इतकं, रस्त्याला इतकं वजन, आणि तेच सूत्र सगळ्या घरांना लावायचं. काही ठिकाणी त्याहूनही ढोबळ, रेडी रेकनरसारखा तक्ता, भागाभागाचा दर ठरलेला, त्यात क्षेत्र गुणलं की झालं.

आता यातली गोम. सूत्राला तेवढंच दिसतं जेवढं कार्डावर आहे. भिंतीतली ओल, खचलेली फरशी, समोर झालेला कचऱ्याचा ढीग, यातलं काही त्याला दिसत नाही. त्यामुळे ते सगळं सरासरीकडे ओढतं, एकाच भागातल्या उत्तम घराला थोडं कमी आणि मोडकळीला आलेल्या घराला जास्त मूल्य लागतं. आणि मोडकळीच्या घरात राहणारा माणूस हरकत घेतो का? त्याच्याकडे सुनावणीसाठी रजा काढायची सोय असते का? ज्यांच्याकडे वकील आहे ते हरकत घेतात, त्यांचं मूल्य अजून उतरतं, आणि फरक आणखी वाढतो.

हे माझं नुसतं मत नाही, हे मोजतात. विकल्या गेलेल्या घरांचं सरकारी मूल्य भागिले खरी विक्री किंमत, असं गुणोत्तर प्रत्येक घराचं काढायचं. समजा एका घराचं ०.९ आलं, शेजारचं १.१, म्हणजे दोघांवर सारखा कर नाही. मूल्यांकन अधिकाऱ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे, १९३४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली, तिच्या मानकात लिहिलंय की राहत्या घरांची ही गुणोत्तरं मधल्या आकड्यापासून सरासरी ५ ते १५ टक्क्यांच्या आतच पसरलेली असावीत, आणि महागड्या-स्वस्त घरांमधला कल मोजणारा दुसरा एक आकडा ०.९८ ते १.०३ च्या मध्ये असावा. तो १.०३ च्या वर गेला तर समजायचं की स्वस्त घरांवर प्रमाणाबाहेर बोजा पडतोय. शिकागो ज्या कुक काउंटीत आहे तिथे अगदी हेच चाललं होतं, २०१७ मध्ये शिकागो ट्रिब्यूनने ते आकड्यांनिशी छापलं, पुढच्या वर्षी तिथला निवडून येणारा मूल्यांकन अधिकारी निवडणूक हरला, आणि आता ते ऑफिस आपलं गणिताचं मॉडेल, कोडसकट, सगळ्यांना बघायला खुलं ठेवतं. आमच्या नोटिशीवर हे दोन आकडे छापले तर मी त्या दिवशी नोटिशीचे स्टार १ वरून ४ करीन.

सुनावणीकडे येते. मी फाइल घेऊन गेले, फोटो, जुनी बांधकाम परवानगी, आणि आसपासच्या तीन विक्रीव्यवहारांची माहिती. तीनपैकी दोन अधिकाऱ्यांनी तिथल्या तिथे बाजूला ठेवले. एक मूल्यांकनाच्या तारखेनंतरचा होता. ही तारीख फार महत्त्वाची असते, सगळ्यांचं मूल्य त्या एका दिवसाचं काढतात, नंतर बाजार पडला की चढला याला तिथे अर्थ नाही, त्यामुळे पुरावा त्या दिवसाच्या आसपासचाच लागतो. दुसरा व्यवहार दोन भावांमधला, घरातल्या घरात दिलेली किंमत ही बाजाराची किंमत नाही. मला आधी वाटलं टाळाटाळ करतायत, पण त्यांनी स्वतःची पाच घरांची यादी स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली, त्यातली दोन हमरस्त्याच्या कोपऱ्यावरची होती, मी म्हटलं साहेब आमचं घर गल्लीत तिसरं आहे, गाडी आत वळत नाही, तर त्यांनी लगेच ती दोन काढून हिशेब परत लावला. दहा मिनिटं. आवाज नाही, उपकाराची भाषा नाही. म्हणून ४.

आणि मग त्या मोजणीच्या बाई. गच्चीच्या खोलीसाठी स्थळपाहणी ठरली, त्या सकाळी वेळेवर आल्या, हातात लेझरचं मोजयंत्र आणि खांद्याच्या पिशवीत साधी टेप. बाबांनी आदल्या रात्री सगळं घर स्वतः मोजून वहीत लिहून ठेवलं होतं, प्रत्येक खोली. बाईंचा आकडा बाबांच्या आकड्यापेक्षा जास्त यायला लागला, दर खोलीला, बाबांचा चेहरा बदलला. तेव्हा बाईंनी यंत्र बाजूला ठेवलं, टेपचं एक टोक बाबांच्या हातात दिलं आणि दोघांनी मिळून समोरची भिंत बाहेरून मोजली, आणि दाखवलं की कार्डावरचं क्षेत्र बाहेरून बाहेर असतं, भिंतीच्या जाडीसकट, बाबांनी आतून भिंत ते भिंत मोजलेलं. आमच्या जुन्या घराच्या भिंती जाड, त्यामुळे फरक मोठा. वहीतले आकडे चूक नव्हते, माप वेगळं होतं. एवढं समजावायची त्यांना काही गरज नव्हती, त्या नुसतं लिहून निघून जाऊ शकल्या असत्या. गच्चीवर गेल्या, शेड नाही हे बघितलं, फोटो काढला, आराखड्यावर रेघ मारली. पोटमाळ्यावर वाकून चढल्या, उंची मोजली आणि म्हणाल्या की पूर्ण उंचीची खोली नाही म्हणून पूर्ण दराने धरणार नाही. मग चहा घेतला नाही, पाणी घेतलं आणि गेल्या.

शेवटी मूल्य साधारण ११ टक्क्यांनी उतरलं. वर्षाची दुरुस्ती झाली, गच्ची गेली, पोटमाळा आला.

आता मला ज्यावर खरंच कळकळीने बोलायचंय ते. फेरमूल्यांकन झालं की लोक चिडतात, आमच्या घरीही चिडले, आणि मग मागणी येते की मूल्यं गोठवा, आहेत तिथेच ठेवा. मीही पहिल्या दिवशी हेच म्हटलं असतं. पण जिथे गोठवली तिथे काय झालं ते वाचून माझं मत पूर्ण बदललं.

इंग्लंडचा कौन्सिल टॅक्स, म्हणजे तिथला घरांवरचा स्थानिक कर, १९९३ मध्ये आला, घरं ए ते एच अशा आठ पट्ट्यांत टाकली, १ एप्रिल १९९१ च्या किमतीनुसार. तेव्हा घाई इतकी होती की बरीचशी घरं गाडी सेकंड गिअरला टाकून रस्त्यावरूनच बघितली, त्या मूल्यांकनाला नावच तसं पडलं. आणि आजही तिथे तोच १९९१ चा आधार चालतो! कालपरवा बांधलेल्या घरालाही विचारतात की हे घर १९९१ मध्ये असतं तर केवढ्याला गेलं असतं. मधल्या काळात एका भागाच्या किमती आभाळाला भिडल्या, दुसऱ्या भागाच्या रखडल्या, कराला त्याचा पत्ताच नाही, आणि वरून सगळ्यात वरच्या पट्ट्याचा कर खालच्या पट्ट्याच्या फक्त तिप्पट, मग घराच्या किमतीत कितीही पटींचा फरक असो. वेल्सने २००५ मध्ये हिंमत करून नवे पट्टे लावले, साधारण एक तृतीयांश घरं वरच्या पट्ट्यात गेली, आरडाओरडा झाला, आणि त्याच वर्षी इंग्लंडने आपलं ठरलेलं फेरमूल्यांकन पुढे ढकललं, ते आजपर्यंत. हेच होतं बघा, जितकं लांबवाल तितका धक्का मोठा, आणि जितका धक्का मोठा तितकं लांबवायची इच्छा जास्त.

कॅलिफोर्नियात जून १९७८ मध्ये लोकांनी मतदान करून नियम आणला की मूल्य १९७५ च्या पातळीवर मागे न्यायचं, वर्षाला फार तर २ टक्के वाढवायचं, आणि घर विकलं गेलं किंवा नवं बांधकाम झालं तरच नव्या किमतीला आणायचं. कारण खरं होतं, म्हातारी माणसं वाढत्या बिलाने घाबरली होती, त्यांची भीती मी माझ्या घरात बघितलीय. पण परिणाम काय, तर सारख्याच दोन घरांत नवीन आलेला माणूस जुन्या शेजाऱ्याच्या पाचपट कर भरतोय असं प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात गेलं, १९९२ मध्ये आठ विरुद्ध एक असा निकाल लागला, आणि नियम तसाच राहिला. म्हणजे तिथे कर घरावर नाही, तुम्ही केव्हा आलात यावर आहे. तरुण जोडप्याने आयुष्याची जमवाजमव करून घर घ्यायचं आणि शेजारच्याच्या वाट्याचाही बोजा उचलायचा, हे मला पटत नाही.

जर्मनीत उलट निकाल आला. तिथे पश्चिमेकडच्या मालमत्तांना १९६४ ची मूल्यं आणि पूर्वेकडच्यांना १९३५ ची, आणि याच आकड्यांवर २०२४ संपेपर्यंत कर चालला. १० एप्रिल २०१८ ला तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सांगितलं की इतकी जुनी मूल्यं म्हणजे समानतेचा भंग, बदला. मग साधारण ३ कोटी ६० लाख मालमत्तांचं नव्याने मूल्यांकन करावं लागलं, मालकांनी फॉर्म भरायचे, मुदत जानेवारी २०२३ अखेरपर्यंत वाढवावी लागली, आणि १ जानेवारी २०२५ पासून नवी आकारणी सुरू झाली. दर सहा वर्षांनी करायचं ठरलं होतं ते दशकानुदशकं केलं नाही म्हणून एवढा डोंगर एकदम उपसावा लागला. फ्रान्समध्ये तर राहत्या घरांच्या भाडेमूल्याचा आधार अजून १९७० चा आहे, दरवर्षी सगळ्यांना सरसकट टक्केवारीने वाढवतात, पण त्याने आपसातला असमतोल जिथल्या तिथेच राहतो.

नेदरलँड्सचं उदाहरण मला सगळ्यात जास्त आवडलं. दरवर्षी मूल्यांकन, आदल्या वर्षाच्या १ जानेवारीच्या किमतीने, आणि २०१६ पासून कुणीही, अगदी कुणीही, कुठल्याही राहत्या घराचं सरकारी मूल्य ऑनलाइन बघू शकतो. शेजाऱ्याचं मूल्य दिसतं! आधी मला हे जरा अंगावर आलं, पण विचार करा, आपलं मूल्य योग्य आहे का हे कळायचा दुसरा मार्गच नाही. वर लिहिलं तसं प्रश्न 'इतरांच्या मानाने किती' हाच असेल तर इतरांचं दिसायलाच हवं. आमच्या पोर्टलला पाचवा स्टार याचसाठी दिला नाही, तिथे फक्त स्वतःचं कार्ड दिसतं.

स्वतःच्या घराचं मूल्य स्वतःच सांगायची पद्धतही असते, आयर्लंडने २०१३ मध्ये नवा कर आणला तेव्हा मालकांनाच आपलं घर कुठल्या पट्ट्यात बसतं ते ठरवायला सांगितलं, आणि अधिकाऱ्यांना तपासायचा हक्क ठेवला. चीनचे क्रांतिकारी नेते सन यत्‌सेन यांनी तर यावर एक उपाय सुचवला होता की जमिनीची किंमत मालकानेच जाहीर करावी, कमी सांगितली तर सरकार त्या किमतीला जमीन विकत घेईल, जास्त सांगितली तर कर जास्त. बाबांना हे इतकं आवडलं की दोन दिवस येईल त्याला सांगत होते. आईला नाही आवडलं, ती म्हणाली राहत्या घराची अशी पैज लावायची नसते, आणि मला तिचं पटलं.

एक गोष्ट मात्र आमच्या सुनावणीतही सुटली नाही. बाबांनी अधिकाऱ्यांना विचारलं की मी छप्पर नवं केलं, रंग दिला, घर नीट ठेवलं तर माझं मूल्य वाढतं, आणि कोपऱ्यावरचा प्लॉट इतकी वर्षं गवत वाढवून पडलाय त्याला नाममात्र कर, हे कसं? ते म्हणाले नियम तसा आहे. यावर उपाय जुनाच आहे, जमिनीवर जास्त आणि बांधकामावर कमी कर लावायचा, कारण जमिनीची किंमत मालकाने नाही, भोवतालच्या रस्त्याने, शाळेने, बाजाराने वाढवलेली असते. पिट्सबर्गमध्ये १९१३ पासून २००१ पर्यंत असे दोन वेगळे दर होते, एस्टोनियाने १९९३ पासून फक्त जमिनीवर कर ठेवला, आणि जर्मनीच्या नव्या व्यवस्थेत बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याने फक्त जमिनीचंच मूल्य धरायचं ठरवलं. पण पिट्सबर्गमध्ये ही पद्धत कशामुळे बंद पडली बघा, मोठ्या खंडानंतर केलेलं फेरमूल्यांकन लोकांच्या अंगावर आलं, चिडलेल्या लोकांपुढे दोन दरांची पद्धतच गुंडाळून ठेवली. कल्पना कितीही चांगली असू दे, मूल्यांकन ताजं नसेल तर ती टिकत नाही.

हरकत घेणाऱ्यांना एवढंच सांगीन की 'कर परवडत नाही' हे मूल्यांकनाच्या सुनावणीत सांगू नका, ते ऐकून घेतील पण त्यांच्या हातात ते नसतं, त्यासाठी सवलतीचा किंवा कर पुढे ढकलायचा वेगळा अर्ज असतो, वयस्कर लोकांसाठी बऱ्याच ठिकाणी आहे, तो भरा. सुनावणीत फक्त तीनच गोष्टी चालतात, कार्डावरची माहिती चुकली आहे, तशाच घरांचं मूल्य कमी लागलंय, किंवा त्या तारखेला बाजारात इतकी किंमत नव्हती. क्षेत्र बाहेरून मोजा. आणि मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा, आमचे पहिले बरेच दिवस नुसत्या चिडण्यात गेले आणि अर्ज शेवटून दुसऱ्या दिवशी गेला.

निकालाच्या पत्राला १ का, तर त्यात एकच ओळ आहे, 'हरकत अंशतः मान्य' आणि नवा आकडा. कुठली दुरुस्ती मानली, किती क्षेत्र वजा झालं, पोटमाळा कुठल्या दराने धरला, काहीच नाही, मी वर लिहिलेलं सगळं कार्ड परत उघडून स्वतः ताडून काढलंय आणि त्यातही वर्षाच्या दुरुस्तीचा हिशेब मला अजून पूर्ण जुळत नाही. कारणांसकट प्रत मिळावी म्हणून अर्ज दिलाय, पोच मिळाली आहे. प्रत आली की इथेच खाली टाकीन आणि हिशेब नीट मांडलेला असेल तर स्टार वाढवीन.